आमिनाझिन

तार्तूत नोव्हेंबरला चारलाच दिवे लागतात.
मी हातमोजे चढवते,
उबवणीच्या कपाटातून थाळी काढते.
कुणा अनोळखी डोक्यातली गाठ
गुलाबी पाण्यात सुखानं वाढते आहे.
आज तिच्यावर जे थेंब सोडायचेत
त्यांचं नाव वहीत लांबलचक लिहिलंय.
मी ते घरच्या नावानं ओळखते.

आईच्या तोंडून ते नाव कधी आलं नाही.
यायचं ते नर्सच्या, खणखणीत,
हजेरी घेतल्यासारखं.
एकोणीसशे सत्त्याहत्तर. साल्मे टाम्म, विणकर.
गिरणीत मागावर उभी असताना
कापडातून कुणीतरी बोलतंय म्हणाली,
आणि काय बोलतंय तेही सांगितलं.
ते जास्त नडलं.

चौदा महिन्यांनी परतली
ती पायाखाली बर्फ असल्यासारखी घासत चालायची.
जीभ टाळूला चिकटलेली.
उन्हात दहा मिनिटं उभी राहिली की गाल भाजायचे.
गोळ्यांवर साखरेचा थर असायचा,
म्हणून शाळेत कुणी विचारलं तर एंडेल सांगायचा,
आईला साखरेचा आजार आहे.
गोळ्या बटणांच्या डब्यात,
पाहुणे आले की डबा वरच्या फळीवर.
ताकास तूर लागू दिला नाही आम्ही कुणाला.
घरात मात्र एंडेल तिच्यासारखं चालून दाखवायचा
आणि मी हसायचे.
ती शिवत असायची तेव्हा, पलीकडच्या खोलीत.
दार उघडं असायचं.

डॉक्टर केर्टू माझ्या मुलीच्या वयाची.
फळ्यावर मेंदू काढते, भोवती कुंपण.
म्हणते, वाइके, कर्करोगाची बहुतेक औषधं
इथे दारातच अडतात.
पण मनाच्या आजारावरच्या जुन्या औषधांना
आतली वाट पाठ आहे,
सत्तर वर्षं ये-जा चालू आहे त्यांची.
मला विचारायचं होतं,
आत गेल्यावर ती काय काय हलवून ठेवतात
ते आहे का गं तुझ्या चित्रात?
विचारलं एवढंच : थेंब किती?

मार्चमध्ये एंडेलला हातातला चमचा ओळखू येईना.
डाव्या कपाळामागे, अक्रोडाएवढी.
कापाकापी झाली, किरणं झाली,
मग चाचणीचा कागद आला.
औषध जुनं, काम नवं, खात्री नाही.
इतकं स्वस्त की कुठल्या कंपनीला त्यात रस नाही;
पैसा वर्गणीचा,
थोडा तर शाळेच्या अंगणात केक विकून जमवलेला.
एंडेलनं चष्मा पुसून नाव वाचलं.
पुन्हा वाचलं.
"हे तर आईचं."
सहीच्या रेघेवर पेन टेकवून
तो इतका वेळ बसला
की शाईचा ठिपका वाटाण्याएवढा झाला.

आता रविवारी आम्ही नदीकाठी फिरतो.
आमच्याकडे त्या नदीचं नावच आईनदी,
पण त्यावर आम्ही काही बोलत नाही.
तो पाय घासत चालतो,
लहानपणी चालून दाखवायचा अगदी तसा.
टोपी घाल म्हटलं तर म्हणतो,
ऊन तर येऊ दे आधी.
मग मधेच थांबून :
तोंड फार कोरडं पडतं गं.
तिला केवढी तहान लागत असेल,
आणि आपण साधं पाणीसुद्धा...
वाक्य तिथेच राहतं.
गाठीमुळे राहिलं की आणखी कशामुळे
ते मी शोधत नाही.

पाचव्या दिवशी थाळीतल्या पेशी विरळ झालेल्या.
मी आकडा लिहिते,
केर्टू त्याच्याखाली दोनदा रेघ ओढते,
आणि लगेच स्वतःलाच बजावते,
थाळी म्हणजे माणूस नव्हे.
मला नको सांगूस, बाई.
थाळ्या मी धुते.

एंडेलचा स्कॅन सोमवारी आहे.
गोळ्या त्यानं बटणांच्याच डब्यात ठेवल्यात,
डबा खिडकीत, झाकण काढून,
जिन्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा.
रात्रीच्या दोन काढताना
बोटांना आईच्या कोटाचं तपकिरी बटण लागतं.
ते बाजूला सारतो,
गोळ्या घेतो,
बटण परत आत टाकतो.